पणजीची हवा

मोरा, तालुका उरण
२२ नोव्हेंबर १९६४

चि. गोजरास अनेक आशीर्वाद.

तुझं पणजीहून पाठवलेलं कार्ड मिळालं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. पाऊस यंदा रेंगाळला, त्यामुळे मिठागराचे बांध उशिरा घातले गेले. आता खाडीचं पाणी आत घेतलं आहे आणि धर्मा सकाळपासून वाफ्यांवर असतो. तुझा हा चुलतभाऊ चांगलाच तयार झाला. यंदाचा हंगाम तोच बघणार आहे. का, ते पुढे लिहिते.

कार्डावरचं चित्र फार आवडलं. नदीकाठचा रस्ता, झाडं आणि झाडांखाली बाक. बाक पाहिले आणि आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बिआट्रिस आठवल्या. भूगोलाच्या तासाला त्या नकाशा टांगायच्या आणि बोलता बोलता स्वतःच्या गावात, पणजीत, शिरायच्या. समुद्राकाठचं शहर, भरपूर ऊन, आणि लोक नुसते बाकावर बसलेले. "नुसते?" असं मी उभी राहून विचारलं होतं. वर्ग हसला. पण मला ते खरंच कळत नव्हतं. आपल्याकडे समुद्राकडे नुसतं बघत कोण बसतं? कुणाला मीठ हवं असतं, कुणाला मासळी, कुणाला लाँच. सिस्टर म्हणाल्या, "पुतळा, तूसुद्धा एक दिवस बसशील." मी आता छप्पन्न वर्षांची झाले. अजून बसलेली नाही.

मला पणजीला न्या, अशी तुझ्या बाबांकडे मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मागणी लावली होती. पण मिठाच्या माणसाशी लग्न केलेल्या बाईचं नशीब बघ. दर्या उघडा असतो तेव्हा मीठ चालू असतं, आणि मीठ बंद होतं तेव्हा पावसानं बोटीही बंद होतात. दरवर्षी तेच उत्तर. "मीठ काय तुझ्या सिस्टरची परवानगी घेऊन पिकतं?"

तर यंदा डॉक्टरांनी त्यांना हंगामात मिठागरावर जायला मना केलं आहे. म्हणाले, थोडे दिवस कुठे तरी हिरव्या जागी जाऊन राहा. काळजी करण्यासारखं काही नाही, वय झालं, दुसरं काय. मी लगेच म्हटलं, पणजी. त्यांनी मिठाचा विषय काढला. दोन दिवसांनी चहा पिताना आपण होऊन म्हणाले, "पणजीची हवा चांगली असते म्हणतात." कोण म्हणतात, हे मी विचारलं नाही. पण तुझं कार्ड ते खिडकीशी घेऊन गेले होते आणि इकडून तिकडून फिरवून बराच वेळ बघत होते, एवढं तुला कळवून ठेवते.

डिसेंबरात जुन्या गोव्याच्या चर्चात दर्शनाची गर्दी असणार, बोटीत पाय ठेवायला जागा मिळायची नाही. म्हणून फेब्रुवारी बरा. नदीजवळ एखादं स्वच्छ लॉज बघून ठेवशील का? खालच्या मजल्यावरची खोली हवी, जिने नकोत. तुमच्याकडे उतरण्याचा विषय मी काढलेला नाही, तूही पत्रात काढू नकोस. पत्रं हल्ली मोठ्यानं वाचावी लागतात.

येसूबाई कोळीण रोज विचारते. काल टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाय, पनजीला कनाला जातीस? हितं दर्या नाय का?" मी म्हटलं, "तिथे बसायला बाक आहेत." ती म्हणाली, "बाक? आमच्या ओट्यावर ये, बस. बोटीचं भाडं पन मला दे." तिला कसं सांगू की बाकावर माझ्या शेजारी कोण बसायला हवं आहे?

जावयाला, इनासला, माझा आशीर्वाद सांग.

तुझी
आई


मोरा
३ जानेवारी १९६५

चि. गोजरास आशीर्वाद.

तुम्हा दोघांना नवीन वर्ष सुखाचं जावो. तुझं पत्र मी परसात जाऊन एकटीनं वाचलं. लॉज बघितलंस, खालच्या मजल्याची खोली सांगून ठेवलीस, मालकीण स्वच्छतेची आहे हेही लिहिलंस. सगळं नीट केलंस. आणि मग खाली लिहिलंस ते.

"आई, हवा खायला खुशाल या. पण बाबा माझ्यासाठी येताहेत असं मला भासवू नकोस. गेल्या मे महिन्यात मी मुंबईला आले होते तेव्हा भाऊच्या धक्क्यावर ते दिसले. मी त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. इतकी जवळ, की त्यांच्या धोतराचा सोगा माझ्या साडीला लागला. ते सरळ पुढे बघत मोऱ्याच्या लाँचकडे निघून गेले. बोलायला नको होतं, नुसतं बघायचं तरी."

हे तू इतके महिने पोटात ठेवलंस, गोजरा?

त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. मला लिहिता येत नाही. काही गोष्टी कुणाला न सांगण्याचा शब्द मी दिला आहे आणि तो कुणाला दिला, हे तू ओळखशील. एवढंच म्हणते, त्या धक्क्यावरचं त्यांना इतक्यात माफ करू नकोस, पण त्यावरून त्यांचा न्यायही करू नकोस. हे वाचून तू चिडशील. चीड.

आता इथली हकीकत. तिकिटं काढायची वेळ आली तशी मला जरा धीर आला. परवा दुपारी जेवताना म्हटलं, "लॉज कशाला? पोरीचं घर आहे तिथे."

भात कालवता कालवता त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता इनासच्या नावानं, त्याच्या चर्चच्या नावानं काही तरी बोलतील, नाही तर नेहमीसारखं, "तुझ्या कॉन्व्हेंटनं माझ्या दोन पिढ्या पळवल्या, आधी तू, मग पोर." तसं काही बोलले नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले, "मुलीच्या घरी, तिला मूल होईपर्यंत, आईबाप पाणीसुद्धा घेत नाहीत. माझ्या बापानं ही रीत मोडली नाही. मी मोडू?"

गोजरा, मुलाबद्दल मी तुला कधी एका शब्दानं विचारलं नाही आणि विचारणार नाही. तू आणि इनास आहात, मला तेवढं पुरतं. पण ते रीत म्हणाले ते मला लागलं. कारण या रीतीनं बघितलं तर ते तुझ्या दारात कधीच जेवायचे नाहीत. नाही म्हणायला त्यांना किती सभ्य वाट सापडली होती! राग नाही, धर्म नाही, जात नाही, नुसती रीत.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "कन्यादान करणाऱ्या बापाला आहे ही रीत. तुम्ही कुठे केलंत?"

ते उठले. हात ताटात धुतले आणि काठी घेऊन बांधाच्या वाटेला लागले. धर्माला पाठोपाठ पाठवावं लागलं. तेवढ्यात येसूबाई दारात. अर्धं जेवलेलं ताट बघून म्हणते, "शेट जेवले नाय वाटतं. कालवनात मीठ जास्त झाला का?" मी ताट उचलायला लागले तर वर म्हणाली, "मिठागरवाल्याच्या घरात आनी काय व्हनार!" मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. ती बिचारी टोपली तशीच ठेवून माझ्याजवळ बसून राहिली.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तिकिटं काढलेली नाहीत. लॉजवाल्या बाईंना मात्र एवढ्यात नाही म्हणू नकोस.

मी त्या शहरात कधी आले नाही, तरी तिथे तू कोणत्या वेळी काय करत असशील याचा अंदाज बांधत बसते. आत्ता दुपार आहे. दवाखान्यातली पाळी संपवून तू घरी आली असशील. दार उघडशील. त्या दाराला रंग कोणता आहे, हे मला कळव.

तुझी
आई


मोरा
२४ जानेवारी १९६५

चि. सौ. गोजरास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी ओसरीवर बसून लिहिते आहे, परसात नाही. समोर आरामखुर्चीत तुझे बाबा बसले आहेत. मी काय लिहिते ते त्यांना माहीत आहे.

आमचा अबोला बरेच दिवस चालला. पाणी घ्या, जेवायला बसा, एवढंच. मग एका सकाळी माझाच तोल गेला. मी तुझं ते पत्र आणलं आणि त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं वाचलं. लॉजचं वाचलं, मालकिणीचं वाचलं आणि धक्क्यावरचंही वाचलं. म्हटलं, "तिच्याकडे नुसतं बघितलं असतंत तर तुमच्या रीतीचं काय बिघडलं असतं?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "कुठल्या बाजूला?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "कुठल्या बाजूला उभी होती ती?"

"डाव्या."

त्यांनी मान खाली घातली. डाव्या हाताची बोटं धोतराच्या सोग्यावरून फिरत राहिली. त्यांना असं बसलेलं मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "लिही तिला."

"काय लिहू?"

"आहे ते लिही."

तर आहे ते लिहिते. तुझ्या बाबांना काचबिंदू झाला आहे. डाव्या डोळ्यानं जवळजवळ काही दिसत नाही. उजव्यानं दिसतं, पण नळीतून बघावं तसं, फक्त समोरचं. कडेचं सगळं गेलेलं आहे. गेलं ते परत येत नाही, उरलं आहे ते किती टिकेल हे सांगता येत नाही, असं गिरगावातले डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. मिठाचा पांढरा झगझगाट त्यांना आता सोसवत नाही. म्हणून हिरव्या जागी जा, म्हणून खालच्या मजल्याची खोली, म्हणून मोठ्यानं वाचायची पत्रं. हे कुणालाही सांगायचं नाही असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता. मिठाचे व्यापारी वजनात फसवतील हे एक कारण सांगितलं. खरं कारण तू. तुला कीव येऊन तू धावत यावंस, हे त्यांना नको होतं.

त्या दिवशी धक्क्यावर त्यांनी तोंड फिरवलं नाही, बाळ. तू तिथे आहेस हे त्यांना कळलंच नाही. गावातही त्यांचा असाच बोभाटा झाला आहे. शेजारून जातात आणि ओळख देत नाहीत, शेट आता मोठे झाले, असं लोक म्हणतात. ते ऐकून घेतात.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले. मी वाढत होते. भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, "मग दिलीच नाही म्हणायची."

"कुणाला?"

"पोरीला. कन्यादान केलं नाही म्हणजे दिली नाही. दिली नाही म्हणजे ती आपलीच. आपल्या पोरीकडे जेवायला कसली आली रीत?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तरी मी विचारलंच, कारण नंतर त्यावरून फाटे फुटायला नकोत. "अहो, पण ते घर इनासचं आहे."

"राहू दे की त्याला," ते म्हणाले. "मी काय त्याला बाहेर काढतोय?"

गोजरा, याहून जास्त त्यांच्याकडून निघणार नाही. इनासला हे समजावून सांग. त्याला हसू आलं तर हसू दे, पण सासऱ्यांच्या समोर नको.

लॉजवाल्या बाईंना नाही म्हणून कळव. धर्मानं तिकिटं आणली आहेत. १४ फेब्रुवारीला सकाळी पहिल्या लाँचनं इथून निघू, भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला उतरू. येसूबाईनं सुकट बांधून देण्याचं कबूल केलं आहे. तिचं म्हणणं, पनजीच्या लोकांना सुकट कशी असते ते कळू दे.

आता मी सांगते ते नीट वाच आणि तसंच कर. बोट लागेल तेव्हा मी कठड्याशी असेन आणि त्यांचा हात माझ्या हातात असेल. तू खालून हात हलवशील. ते हलवणार नाहीत. तू हसशील, ते भलतीकडेच बघत असतील. त्याचा राग मानू नकोस. गर्दीत धावत येऊन बाजूनं पाया पडू नकोस, ते दचकतात. शिडीवरून आम्ही उतरलो की त्यांच्या अगदी समोर ये. हाताच्या अंतरावर उभी राहा. आणि आधी हाक मार.

तू गेल्यापासून या घरात "बाबा" म्हणून त्यांना कुणी हाक मारलेली नाही. धर्मा काका म्हणतो, गडी शेट म्हणतात, मी तर नावही घेत नाही. ते उगाचच कशाला तरी ओ देतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी ऐकलं नाही असं दाखवते.

पत्र संपवताना त्यांना विचारलं, "तुमचे आशीर्वाद लिहू ना?"

म्हणाले, "नको लिहू. ते मी तिच्या डोक्यावर हात ठेवून देईन."

म्हणून या पत्रात एकटीचेच पाठवते.

तुझ्या भेटीकडे डोळे लावून बसलेली
आई