एकही नवा डाग नाही

ह्युऑन खोरं, टास्मानिया
२१ मे २०२३

प्रिय डेस,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागलेत. उजव्या हाताचं एकच बोट आता माझं ऐकतं, तेही सकाळी अकरापर्यंत. त्यानंतर शेजारची नोरीन येते, मला खुर्चीतून पलंगावर घेते आणि दटावते, "पुरे झालं गं, कोणाला एवढी कादंबरी लिहितेस?" भावाला, म्हटलं. तर म्हणाली, "तो आहे का अजून?" तिचं चुकलं नाही. तू फोन का करत नाहीस असं मी विचारणार नाही, आणि केलास तर मी का उचलत नाही असं तूही विचारू नकोस.

इकडचा हंगाम संपला. बाग नोरीनचा मुलगा कसतो. बाबांची जुनी झाडं काढून त्याने बुटकी, तारेवर बांधलेली झाडं लावली, आणि पॅडेमेलन, ते चिमुकले कांगारू, येऊन त्यांच्या साली खाऊन जातात. पॅकिंगची शेड अजून उभी आहे. खिडकीतून दिसते. माझं सगळं तिथेच सुरू झालं, म्हणून तिच्याकडे बघायला मला फारसं आवडत नाही. पण खुर्ची ज्या दिशेला ठेवतात त्या दिशेला बघावं लागतं.

चौऱ्याण्णव सालचा मार्च होता. मी सत्तावीस वर्षांची, शेडमधल्या फिरत्या पट्ट्यापाशी उभी राहून रंगाप्रमाणे सफरचंदं निवडत होते. लालभडक ती निर्यातीच्या खोक्यात, फिकी ती रसाला. तीन दिवस मी चांगली फळं रसाच्या ढिगात टाकत होते. बाबा ओरडत आले, "डोळे फुटले का तुझे?" मी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. डाव्या डोळ्याला लाल ते लाल दिसत होतं. उजव्याला तेच फळ धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं दिसत होतं. आई म्हणाली चष्मा लागला असेल. होबार्टच्या डॉक्टरांनी महिन्याभराने नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. घरी परत येताना गाडीत तू मागे माझ्या शेजारी बसला होतास. एकवीस वर्षांचा होतास, शेतकीच्या शेवटच्या वर्षाला. वळणावर माझा हात धरून तू म्हणालास, "ग्वेन, मी यातच शिरतो. हे काय आहे ते मी शोधून काढतो." आणि शेतकी सोडून तू पुन्हा पहिल्यापासून डॉक्टरकी शिकायला गेलास. बाबा चिडले, "पोरगी आजारी, पोरगा पळाला, झाडं छाटणार कोण?" मी छाटेन, म्हटलं. आणि छाटली, डेस, सात हिवाळे छाटली. तू शिकत होतास तेव्हा शिडीवर मी होते. हे तुला कोणी सांगितलं की नाही माहीत नाही.

अठ्ठ्याण्णवमध्ये टॅम्सिन झाली आणि पुढच्या वर्षी इंजेक्शनं सुरू झाली. एक दिवसाआड मांडीत. लाल चट्टे उठायचे आणि रात्रभर ताप. पण झटके थांबले. डोळा जाणं, अर्धं अंग बधिर होणं, ते सगळं थांबलं. दर वर्षी एमआरआय, दर वर्षी तोच निकाल, मेंदूत एकही नवा डाग नाही. डॉक्टर पाठ थोपटायचे. कॉलिन सगळ्यांना सांगायचा, माझी बायको बरी झाली. आणि मी मात्र दर वर्षी थोडी कमी चालत होते. झटका नाही, काही नाही, फक्त कमी. उजवा पाय फरपटू लागण्याआधी किती पावलं होतात ते मी महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहू लागले. दोन हजार चार साली अकराशे. सात सालच्या डिसेंबरात चारशे दहा.

त्याच डिसेंबरात तू नाताळला आलास. मेलबर्नच्या मोठ्या प्रयोगशाळेतला डॉक्टर डेस्मंड, सगळं खोरं तुला बघायला आलं होतं. ऊन चौतीस अंशांवर होतं, आणि उन्हात माझे पाय मेणाचे होतात. आईने तरी भट्टी पेटवून कोकराचं मांस भाजलंच. जेवण झाल्यावर मी तुला वही दाखवली. म्हटलं, डेस, आत काहीतरी चालू आहे. झटके नाहीत, पण जळतंय. विझलेलंच नाही. तू माझ्या फिल्म खिडकीच्या काचेवर धरल्यास, एकेक करून. कॉलिन मागे बिअर घेऊन उभा होता. तू म्हणालास, "ग्वेन, एकही नवा डाग नाही. तुझा मेंदू शांत आहे." मी म्हटलं, मग पाय का जातोय? तू फिल्म पाकिटात घातल्यास आणि आवाज खाली आणलास, जसा तुम्ही लोक आणता. "कधी कधी शरीर बरं होतं आणि मन मागे राहतं. थोडं मनाचं बघ. एक साधी गोळी देतो."

कॉलिनने ते ऐकलं. तू दोन दिवसांनी विमानात बसलास, पण तुझं वाक्य घरात राहिलं. मी दुपारी आडवी झाले की तो म्हणायचा, "डॉक्टर भाऊच म्हणतो ना, काही झालेलं नाही म्हणून?" एकदा शेडच्या पायरीवर मी खोक्यासकट पडले. सगळीकडे सफरचंदं घरंगळली. तो मला ओलांडून पुढे गेला. ओलांडून, डेस. "ऊठ, पुरे झालं नाटक." दहा वर्षांची टॅम्सिन फळं गोळा करत होती आणि मान वर करत नव्हती. पुढच्या हिवाळ्यात तो क्वीन्सलंडला निघून गेला. वाईट माणूस नव्हता. आजारी बायको त्याने पंधरा वर्षं सांभाळली. आळशी बायको त्याला सांभाळता आली नाही. आजारीची आळशी तू केलीस. तुझी गोळी मी तीन वर्षं घेतली. त्या गोळीने तोंड कोरडं पडायचं, एवढंच आठवतं. मग आईने मला उचललं, अक्षरशः काखेत हात घालून, ती सत्तर वर्षांची असल्यापासून मरेपर्यंत.

वही तू दहा साली मागून नेलीस. "सहज बघतो, परत पाठवतो." मला वाटलं, भावाला शेवटी शंका आली. मी वाट बघितली.

एकोणीस साली तू होबार्टला भाषण द्यायला आलास ते मला पेपरातून कळलं. नोरीनने मला व्हॅनमध्ये चढवून नेलं. व्हीलचेअर सगळ्यात मागे ठेवतात, त्यामुळे तुला दिसले नाही. छान बोलतोस तू, डेस. मला सगळं समजलं. तू म्हणालास, इतकी वर्षं आम्ही रक्तातून मेंदूत घुसणाऱ्या पेशींच्या मागे लागलो होतो. त्या शिकून हल्ला करतात, त्यांना औषधांनी अडवता येतं, आणि त्या अडल्या की झटके थांबतात. पण मेंदूत जन्माआधीपासून मुक्कामाला असलेल्या पेशी असतात, आपल्या उपजत प्रतिकारशक्तीतल्या. त्यांचं काम साफसफाईचं, मेलेलं उचलायचं आणि जखम भरू द्यायची. या आजारात त्या जुन्या डागांच्या कडेला ठाण मांडून बसतात आणि साफ करता करता शेजारचं धडधाकटही कुरतडतात. नवा डाग पडत नाही. जुनाच रुंदावत जातो, इतका सावकाश की नेहमीच्या एमआरआयवर काही कळत नाही, आणि आमची औषधं तिथे जेमतेम पोचतात. मग तू म्हणालास, "आग विझलेली नसते. आतल्या आत धुमसत असते."

आणि पडद्यावर एक रेघ आली. एका रुग्णाच्या नोंदी, अमुक वर्षांच्या. अकराशेपासून खाली उतरत जाणारी. सभागृहात चारशे माणसं होती आणि पडद्यावर माझ्या पायांकडे सगळे बघत होते. नोरीन माझ्या कानात म्हणाली, "बिचारी कोण असेल गं?" तू म्हणालास, "हे रुग्ण आम्हाला सांगत होते. आम्हाला ऐकायला उशीर झाला." टाळ्या पडल्या. आम्हाला! खिडकीपाशी फिल्म धरून आम्ही उभे नव्हतो, डेस. तू एकटा होतास.

बाहेरच्या बोळात मी तुला गाठलं. तू वाकून माझ्या गालाला गाल लावलास. "ग्वेन! छान दिसतेस." मी म्हटलं, ती रेघ माझी आहे. तू इकडेतिकडे बघितलंस आणि म्हणालास, "तुझं नाव मुद्दामच नाही घातलं. तुझ्या खासगीपणाचा प्रश्न होता." मग कोणीतरी तुला जेवायला बोलावलं आणि तू गेलास. आठवड्याने घरी तुझी भेट आली, फळांची टोपली. सफरचंदांची, डेस. या घरात. मी आणि नोरीन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग नुसतं पाणीच राहिलं. तेव्हापासून मी तुझा फोन उचललेला नाही.

आता का लिहिते ते सांगते. गेल्या सप्टेंबरात टॅम्सिनचा मेलबर्नहून फोन आला. आंघोळीचं गरम पाणी तिच्या एका पायाला लागत होतं, दुसऱ्याला लागत नव्हतं. मी तिला काय म्हटलं, ऐक. म्हटलं, तुला काहीही झालेलं नाही. लहानपणापासून मला बघून तुझ्या मनाने घेतलंय, थोडं मनाचं बघ. हे मी म्हटलं, याच तोंडाने. तिने फोन ठेवला आणि आठ महिने मला काही सांगितलं नाही. एकटीच काठी विकत घेऊन आली. गेल्या आठवड्यात तिला माझ्याच आजाराचं निदान झालं. ते वाक्य बोलताना मला काय झालं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मी इतकी घाबरले होते की तिचं खरं असणं मला परवडणारं नव्हतं. त्या नाताळला तुलाही हेच झालं असणार. मला ते आज कळलं, आणि कळलं म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. मी स्वतःलाही केलेलं नाही. तीस तारखेला, मंगळवारी दहा वाजता, ती तुझ्या विभागात येते आहे. नात्यातल्या माणसाला तपासायचं नसतं हे मला माहीत आहे, तुझ्या हाताखालच्या कोणालाही दे. तिच्यासाठी आता चांगली औषधं आहेत, वेळेवर मिळतील. पण तू त्या खोलीत जाऊन बस. फिल्म नंतर बघ. आधी तिला विचार काय होतंय, आणि ती जे सांगेल ते खरं आहे असं तिच्या तोंडावर म्हण. घरातल्या कोणीतरी तिला हे म्हणायला हवं होतं, आणि माझी संधी मी घालवली आहे.

तुझीच,
ग्वेंडा