पिंगळ्याचा दगड

२ मार्च, रविवार
प्रथम वस्तुस्थिती, क्रमवार. एक : भिवंडीतल्या टेमघरमधला बंद पडलेला लूमचा कारखाना चांगदेव यांनी माझ्या 'वन्यजीव संवाद कट्ट्या'साठी विनामूल्य दिला. दोन : दारावर 'सर्वांचे स्वागत आहे' ही पाटी लागली. तीन : तिच्याखाली चौदा नियम लागले. चार : पहिल्या सभेला बावीस माणसे आली. पाच : आज चार. त्यांत एक माझी पत्नी माधवी, आणि तिला मी आणले होते.
निष्कर्ष : भिवंडीला शिस्त झेपत नाही.
चांगदेव यांच्या मातोश्री राहीबाई शेलार गावाहून आल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, घुबडाला दगड मारू न्हाय. ता दगड उचलतं, नदीवर न्हेऊन घासत बसतं, दगड झिजतो तसा मारनारा झिजतो. मी नियम सहावा (पुराव्याविना विधान करू नये) वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, बरं सर, तुमी शिकल्याले, आमी चहा पितो. नंतर सगळे चहाभोवती हसत होते. माझ्याविषयी नसावे.
संकल्प : पुढील रविवारी व्याख्यान. 'घुबड : गैरसमज आणि वास्तव'.

८ मार्च
कट्ट्यावरच्या स्लाइडच्या पडद्याच्या वर भिंतीत विटेएवढे भोक आहे. त्यात पिंगळा राहतो. जातीने घुबडच, आकाराने लहान. त्याच्या विष्ठेमुळे पडदा दोनदा धुतला. अशा पडद्यावर संवर्धन शिकवता येत नाही.

९ मार्च, सकाळ
पडदा नीट करायचा म्हणून चांगदेव यांची शिडी मागितली आणि भोक दगडाने बुजवले. दगड उत्तम बसला. पिंगळा समोरच्या तारेवरून पाहत होता. हा त्यांच्या विणीचा काळ, हे मान्य. परंतु प्रत्येक भोकात पिल्ले असतातच असे नाही. आत पाहिले नाही. वेळ नव्हता.

९ मार्च, सायंकाळ
तिसऱ्या स्लाइडला भिंतीतून चिरचिर सुरू झाली. शेजारच्या शाळेतील शिक्षिका भाविका यांनी विचारले, सर, हा आवाज कसला? मी उत्तरलो, ध्वनिमुद्रण. टाळ्या पडल्या. माझ्या व्याख्यानाला प्रथमच.
राहीबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. म्हणाल्या, सर, रेकार्ड बंद करा की आता.
करता आले नाही. गुडघ्याचे कारण सांगून लवकर निघालो.

१० मार्च
दगड आज काढणार होतो. शिडी चांगदेव यांनी परत नेली. पुन्हा मागितली तर कारण सांगावे लागेल. उद्या नक्की.

१२ मार्च
कट्ट्याकडे गेलो नाही. व्याख्यात्याला विश्रांती आवश्यक असते. जेवण गेले नाही. भिंतीला कान लावला. ही आमच्या घराची भिंत आहे, हे नंतर लक्षात आले.
वजन दोन किलो कमी. काटा सदोष. माधवी म्हणाली, अहो, किती झिजलात! दुसरा शब्द नव्हता का?

१३ मार्च
केमिस्टच्या काट्यावरही तेवढेच.
दगड मारणे आणि दगड बसवणे यांत मूलभूत फरक आहे. शिवाय एवढा दगड उचलणे पिंगळ्याला शारीरिकदृष्ट्या अशक्य. कामवारी नदीच्या काठाने घरी आलो. सहज.

१६ मार्च, रविवार
गेलो. स्वतःची शिडी विकत घेऊन गेलो.
आत दिवे नव्हते, पण माणसे होती. मोजली नाहीत. सगळी जमिनीवर, वर पाहत, कुजबुजत. नियमांचा कागद पिल्लांच्या विष्ठेसाठी भोकाखाली अंथरला होता. भोक उघडे. त्यात तीन डोकी, सहा पिवळे डोळे.
शिडी दाराबाहेर ठेवून आलो.
भाविका यांनी सांगितले : त्या रविवारी सगळे गेल्यावर राहीबाईंनी मुलाला शिडीवर चढवले. म्हणाल्या, चढ रं, रेकार्डला भूक लागल्ये. तेव्हापासून रोज लोक येतात.
म्हणजे मी सात दिवस न येताही पिल्ले जगली. मी न आल्यामुळे नव्हे, तरीही.
स्वागतपर दोन शब्द सुरू केले. राहीबाई सरकल्या, शेजारी जागा केली. म्हणाल्या, सर, बसा, चहा घ्या, पन हळू बोला, पोरं बिचकत्यात. दगड कोणी बसवला, हे कोणीही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.
जाताना मीच विचारले, तो दगड? चांगदेव म्हणाले, हितंच तर ठेवला व्हता. राहीबाई हसल्या. म्हणाल्या, न्हेला असंल कुनीतरी.
घरी येऊन वजन केले. आणखी अर्धा किलो.
उद्या पाटीखाली लावावयाची सूचना : 'भोकातून काढलेला दगड सध्या कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्याचा आकार पूर्वीइतकाच आहे काय, याचे उत्तर सर्व संबंधितांनी त्वरित व लेखी द्यावे.'