मर्लच्या अंगणातली पाटी

मेपल क्रीक, विस्कॉन्सिन
१२ मार्च १९९४

चि. लीलंड यास,
अ. उ. आ.

तुझं प्रचाराचं पत्रक मिळालं. न्यायाधीशपदाला उभा राहिलेला माणूस फोटोत इतका दमलेला दिसू नये. ‘शेतकऱ्याचा मुलगा’ वाचून हसले. धारा काढायच्या वेळी तू गवताच्या माळ्यावर लपायचास, हे मी मतदारांना सांगत नाही. ‘दोन हजार गरीब आरोपींची बाजू मांडली’ हे मात्र खरंच.

शेजारच्या मर्ल हाउकनं तुझ्या नावाची पाटी अंगणात रोवली आहे. जमीन गोठलेली, म्हणून पहारीनं भोकं पाडली. शुक्रवारी चर्चमध्ये मासळीच्या जेवणाला ओली वेगनरनं त्याला डिवचलं, की हाच तुझा वकील होता आणि तरी तू तुरुंगात गेलास ना रे. मर्ल म्हणाला, की कोर्टात मला मिस्टर हाउक म्हणणारा तो एकटाच होता, तू तर अजून ‘ए मर्ल्या’ म्हणतोस. टेबलावरचे सगळे हसले. मला तुझा अभिमान वाटला.

खोकला कसा आहे? माया आहेच, पत्र तेवढं धाड.
तुझी ताई, आर्डिस

हॅलबर्ग
१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मर्लला काहीतरी निमित्त सांगून ती पाटी काढायला लाव. बर्फ ढकलताना आड येते म्हण.

कारण तुला सांगतो. अकरा वर्षांपूर्वी सरकारनं मला त्याचा वकील नेमलं. गोदामातून करवती चोरल्याचा आरोप होता. त्या सकाळी माझ्याकडे एकोणीस माणसं होती. मी त्याला कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं भेटलो. गुन्हा कबूल करा, थोडक्यात सुटाल, असं सांगितलं. तो म्हणत होता की मी चीजच्या कारखान्यात रात्रपाळीला होतो. सगळेच असं म्हणतात. शेवटी त्यानं कबूल केलं. आठ महिने आत राहिला, कारखान्यानं परत घेतलं नाही.

चार वर्षांनी कचेरी आवरताना त्याची फाइल उघडली. त्याचं हजेरीचं कार्ड आत होतं. चोरीच्या रात्रीच्या पाळीचा शिक्का स्वच्छ होता. फाइल मिटून खोक्यात ठेवली.

आता तुझ्यासमोरही उभं राहवत नाही. तरी दूर लोटू नकोस.
लीलंड

मेपल क्रीक
२१ मार्च

चि. लीलंड यास,
आ.

पाटी मी काढायला लावणार नाही. ज्यानं रोवली त्याला कारण कळू दे.

आज सकाळी त्यानं माझ्या दारातला बर्फ काढला. नेहमीसारखी कॉफी दिली. त्यानं विचारलं, बाई, बरं नाही का. मी त्याचा कप पुन्हा भरला. तुझी लाज मी का गिळून बसावी? गाडी काढ आणि ये. येताना फाइल आण.

रागात लिहिते आहे, पण ताईच आहे.
आर्डिस

हॅलबर्ग
२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी त्याच्याकडे गेलो, तुला न भेटताच परतलो. माफ कर.

शेडमध्ये तो बर्फ ढकलायच्या नांगराला तेल देत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं कार्ड हातात घेतलं, उजेडात धरलं. आमची कार्डं पिवळीच असायची, म्हणाला. मग विचारलं, की तुम्ही सगळ्यांनाच मिस्टर म्हणायचा का. मी हो म्हणालो. कोर्टात तशी रीतच आहे.

त्यानं कार्ड परत दिलं. वाटेवर बर्फ निसरडा झालाय, गाडी हळू न्या, एवढंच म्हणाला.

काल त्याची शिक्षा रद्द व्हावी म्हणून अर्ज दाखल केला. माझी चूक त्यात लिहिली आहे. मतपत्रिका छापून झाल्यात, नाव आता निघत नाही. नाव निघत नाही याचं बरं वाटलं, त्याचीही लाज वाटते.

आठवण ठेव.
लीलंड

मेपल क्रीक
६ एप्रिल

चि. लीलंड यास,
अ. उ. आ.

निवडून आलास, रेडिओवर ऐकलं. तुझ्या अर्जाच्या दोन ओळी पेपरात मासळीच्या जेवणाच्या जाहिरातीखाली होत्या. इथे बहुतेकांनी जाहिरातच वाचली असावी.

आज मर्ल तुझी पाटी घेऊन आला. चिखल धुतलेला, वाकलेल्या तारा सरळ केलेल्या. म्हणाला, बाई, अजून चांगली आहे, सहा वर्षांनी मुदत संपली की तुमच्या भावाला पुन्हा लागेल. कॉफीला थांबला नाही.

पाटी गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे. तुझी तू घेऊन जा.

आशीर्वाद पूर्वीइतकेच.
ताई