दादाच्या नावाचा कॉल

निलंगा, मंगळवार, तिन्हीसांज

दादाला नोकरीचा कॉल आला. भूकंपात गेलेल्या माझ्या भावाला! एम्प्लॉयमेंट ऑफिसातलं त्याचं कार्ड आप्पा दर तीन वर्षांनी लातूरला जाऊन रिन्यू करून आणायचे. "न्हाईतर नंबर मागं जातो," म्हणायचे. मी का नाही अडवलं त्यांना? उलट कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीच एसटीत बसवून द्यायची.

आज पत्र मीच वाचून दाखवलं. सोमवारी मुलाखत आहे. आप्पा ते कार्ड धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. किती वेळ पुसत होते! मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या तोंडून आलं, "साहेबाला आता कळवावं लागंल का गं, पोरगं न्हाई म्हणून?"