चार शहाऐंशीची जोडी

प्रिय लायल,

पाकिटावरचं अक्षर माझं म्हणून तू हे फोडलं असशील, आणि डॅडींचं नाव आलं की घडी घालून खणात टाकशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. टाकू नकोस. एप्रिलमध्ये बाळाला पोचवून निघताना तुमच्या चर्चच्या फाटकाशी तू म्हणालास, 'नेटी, आजपासून मला बाप नाही.' आपला नातू मातीत जात असताना जो माणूस दुकानाचं दार लावून गाडीखाली पडून राहतो, त्याची बाजू घ्यायला तेव्हा माझीही जीभ रेटत नव्हती. आजही मी त्यांची वकिली करायला बसलेली नाही. या उन्हाळ्यात आपल्या निळ्या गाडीचं काय झालं तेवढं सांगते. गाडीचं म्हटलं की तू शेवटपर्यंत वाचशील, कारण विम्याचे कितीही कागद रंगवलेस तरी तू ओडेल प्रुइटच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात वाढलेला पोरगा आहेस.

मे महिन्यापासून गाडी मंदावायला लागली. इंजिन तेच, टायर तेच, कोव्ह क्रीकची शर्यतीची पट्टी तीच, आणि दर शनिवारी वेळ मात्र थोडी थोडी वाढत चाललेली. मागच्या आसात, ॲक्सलमध्ये, तू असताना होती तीच तीन एकोणनव्वदची दातेरी चाकांची जोडी होती, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा जवळजवळ चार वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं. डॅडी म्हणाले, 'शेवटाला झोपते ही. दात बदलू.' चार अकराची जोडी बसवली. तुझ्या कचेरीत बसून तू विसरला असशील म्हणून उजळणी करून देते: आकडा वाढला की गाडी सुटताना उडी घेते, पण त्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फिरावं लागतं, आणि पट्टी संपायच्या आत त्याचा दम संपतो. चार अकराने गाडी आणखी मंदावली. मग चार तीस बसवली, तरी तेच. दुसरा कुणी असता तर एक पाऊल मागे आला असता, डॅडी पुढेच निघाले. मी म्हटलं, 'डॅडी, आपण उलट्या दिशेला चाललोय.' तर म्हणाले, 'तू रांगत होतीस तेव्हापासून मी हे दात बसवतोय.' पालथ्या घड्यावर पाणी.

खरं सांगायचं तर मला एक गोष्ट दिसत होती आणि ती तोंडावर बोलायची छाती होत नव्हती. मी कुंपणाशी उभी असायचे. इंजिन किंचाळून किंचाळून बेजार व्हायचं, आणि मग कुठे डॅडी गियर बदलायचे. आपल्या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर नाही. 'काट्याकडे बघू की रस्त्याकडे?' हे त्यांचं वाक्य तुलाही पाठ असेल. उशिरा गियर बदलला की ताकदीचा भर ओसरून गेलेला असतो, आणि गाडी नुसती ओरडते, पळत नाही. मला वाटलं, वय झालं, हात जड झाला. ते आपल्या हाताचा दोष दातांवर ढकलतायत असं मी धरून चालले. पण बापाला हे सांगणार कोण? आणि एप्रिलनंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलं होतं. सकाळी मी भट्टीतली मऊ बिस्किटं आणि वर ग्रेव्ही त्यांच्यापुढे ठेवायचे, ते ताटाकडे बघत खायचे, आणि दोघंही दुकानात जायचो.

जूनमध्ये पास्टर गेन्स आपली गाडी परत घेऊन आले. डॅडींनी तिच्या मागच्या आसात नवी जोडी बसवून दिली होती. पास्टर म्हणाले, 'ओडेल, मी नरकावर प्रवचन देतो तेव्हासुद्धा इतका ओरडत नाही, जितकी ही ओरडते.' डॅडींनी गाडी चौकापर्यंत फिरवून आणली, उतरले आणि म्हणाले, 'गाडी गप्प आहे, पास्टर. तुमचंच मन अशांत आहे.' दुकानातले सगळे हसले, पास्टरही हसले, पण कानापर्यंत लाल झाले होते. मी ती चालवली. अरे, रस्त्यावरची कुत्री पळाली. आस उघडून दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवली तर मधोमध हवा तो ठसा दाताच्या पार कडेला उमटलेला. शिकाऊ माणूससुद्धा अशी जोडी बसवून देणार नाही. मी ती गुपचूप सरळ केली आणि पास्टरना सांगितलं की डॅडींनीच केली. तीन परगण्यांतून लोक या माणसाकडे येतात ते कशासाठी? ते शेजारी बसतात आणि आसाची गुणगुण ऐकून सांगतात की कुठला दात कुठे लागतोय. हीच आपली रोजीरोटी, हीच आपली पत. चुकलं हे कबूल करणं त्यांना मरणापेक्षा जड, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यांच्यावरचा माझा राग आणखी घट्ट झाला.

मग सप्टेंबरच्या सुट्टीच्या शर्यतीचा विषय निघाला. शर्यतीतला आपला जुना प्रतिस्पर्धी डब हेन्सली दुकानात येऊन बाकावर पसरला आणि म्हणाला, 'ओडेल, त्या निळीला आता कोंबड्यांत सोड की. अंडी तरी देईल.' डॅडी त्याच्या तोंडाकडे रोखून बघत होते. तो गेल्यावर मला म्हणाले, 'चार शहाऐंशी काढ.' लायल, चार शहाऐंशी आपल्या इंजिनाला. पट्टीच्या शेवटाला ते इतकं फिरणार की आतले दांडे धरतील की सुटतील हे देवच जाणे. आणि त्याहून वाईट म्हणजे क्लच. गेल्या वर्षी याच पट्टीवर एका गड्याचा क्लच फुटला, त्याचे तुकडे तळाचा पत्रा फाडून वर आले, आणि तो आता कुबडीवर चालतो. ही जोडी आणि वर उशिराने गियर बदलणारा माणूस, म्हणजे तेच आमच्या घरी घडायची वाट बघत बसायचं.

मी भांडले. पान्हा हातात धरून, त्यांच्यासमोर उभी राहून भांडले. ते म्हणाले, 'गाडी कोण चालवतं, तू की मी?' मी म्हटलं, 'चालवता तुम्ही. पण तुमचा पाय शोधून घरी आणायचा मी.' ते कामाकडे वळले. मी त्यांच्या पाठीला अजून बरंच काही ऐकवलं, तुझंही नाव काढलं, बाळाचंही काढलं, नको ते शब्द वापरले, आणि त्यांनी मान वळवली नाही. काय निगरगट्ट माणूस आहे, असं मला वाटलं. जोडी मी माझ्या हाताने बसवली. मुद्दाम वाकडी बसवावी असं क्षणभर मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण ठसा दाताच्या मधोमध आला आणि मला काही निमित्त राहिलं नाही. मी एकच अट घातली, की नवे दात रुळवायला गाडी रस्त्यावर काढाल तेव्हा मी शेजारी बसणार.

नवी जोडी आधी सावकाश चालवायची, तापली की थांबून निवू द्यायची, हा आपला रिवाज. सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर आम्ही तेच केलं. डॅडी मऊ चालवत होते, खिडकीतून कोपर बाहेर, आणि मला क्षणभर वाटलं, उगाच घाबरले. मग तो सरळ पट्टा आला, गिरणीपासून पुलापर्यंतचा. त्यांनी पाय दाबला. पहिला गियर उशिराने बदलला. दुसरा त्याहून उशिरा. तिसऱ्यात इंजिनाचा आवाज चढत गेला, जिथे बदलायला हवा तिथून पुढे गेला, आणखी पुढे गेला. माझ्या पायाखालचा पत्रा थरथरायला लागला आणि मला तो कुबडीवाला गडी आठवला. मी ओरडले, 'बदला.' त्यांचा हात हलला नाही. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, 'डॅडी, बदला, फुटेल.' ते रस्त्याकडे बघत होते, शांत, कपाळावर एक आठी, कसली तरी वाट बघत असल्यासारखे. हट्टी माणसाचा चेहरा मला माहीत आहे, रोज बघते. तो हा नव्हता. ते त्या इंजिनाचा आवाज चढण्याची वाट बघत होते, आणि तो तर केव्हाचाच चढून गेला होता. मी त्यांच्या दंडावर बुक्की मारली. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, माझं तोंड उघडं दिसलं, आणि पाय उचलला.

गाडी पुलाच्या अलीकडे थांबली. इंजिन बंद केलं. मी खिडकीकडे तोंड करून हळूच म्हटलं, 'डॅडी, किती दिवस झाले?' ते समोर पुलाकडे बघत होते. मग त्यांच्याकडे वळून तेच म्हटलं. त्यांनी माझे ओठ बघितले आणि म्हणाले, 'मागच्या हिवाळ्यापासून. आधी बारीक आवाज गेले. मग बाकीचे.' लायल, मी रोज या माणसाबरोबर काम करते आणि मला कळलं नाही. दुकानात सगळेच ओरडून बोलतात, आणि आपले डॅडी कुठल्या दिवशी पहिल्या हाकेला ओ देत होते? त्यांना वाटत होतं इंजिन अजून झोपलंय, म्हणून ते थांबायचे. थांबले म्हणून गाडी मंदावायची, आणि मंदावली म्हणून आकडा वाढवायचे. मी म्हटलं, 'सांगायचं ना.' ते म्हणाले, 'कुणाला? बहिऱ्याकडे आस ऐकायला कोण आणेल, पोरी?' एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले आणि रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मीही रडले, आणि पाठीला उद्देशून जे जे बोलले होते ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं याबद्दल देवाचे आभार मानले.

चार शहाऐंशी त्यांनी स्वतः काढली आणि जुनी जोडी परत बसवली. किल्ली माझ्यापुढे केली. शर्यतीत गाडी मी चालवली आणि पहिल्याच फेरीत डबकडून हरले, पण वेळ तू असतानाची आली. डब म्हणाला, 'ओडेल, पोरगी तुझ्याहून बरी आहे रे.' ते म्हणाले, 'मीच शिकवलंय,' आणि हसले. कानाच्या डॉक्टरकडे मी त्यांना पुढच्या आठवड्यात नेणार आहे. कटकट करतायत, पण येतील.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. त्या एप्रिलच्या संध्याकाळी बाळ गेल्याचं सांगायला तू फोन केलास आणि डॅडींनी काय उत्तर दिलं ते तू मला चर्चच्या फाटकाशी सांगितलंस: 'छान झालं, पोरा, फार छान झालं. पॅटीला सांग माझं.' आणि फोन ठेवला. ते शब्द तू पाच महिने उराशी धरून बसला आहेस, मीही बसले होते. लायल, तेव्हाच त्यांना फोनवर शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण यायची. पॅटीचे दिवस भरत आले होते हे त्यांना माहीत होतं, पलीकडे तू बराच वेळ बोललास एवढं त्यांना जाणवलं, आणि बाळ आलं असं त्यांनी धरलं. दुसऱ्या सकाळी पॅटीच्या आईने मला कळवलं, मी डॅडींना समोर उभी राहून सांगितलं, आणि आपण आदल्या रात्री काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा समजलं. नदीकाठी मला म्हणाले, 'पोरगा रडत असेल, नेटी, आणि मी त्याला शाबासकी दिली. कुठल्या तोंडाने जाणार होतो मी तिथे?' मी म्हटलं, त्याला कळवते. तर म्हणाले, 'नको. बहिरा म्हणून कीव करण्यापेक्षा दगड म्हणून राग धरू दे.' मी हो म्हटलं होतं, आणि तो शब्द आज मोडतेय. फोन करू नकोस. ये. पॅटीला बरं वाटत असेल तर तिलाही आण. त्यांच्यासमोर उजेडात बस, सावकाश बोल, आणि जे फोनवर सांगितलं होतंस ते पहिल्यापासून पुन्हा सांग. काल जेवताना त्यांनी मला बाळाचं नाव विचारलं. मी ते थडग्यावर वाचलंय, पण त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, ते लायल येऊन सांगेल.

तुझी वाट बघणारी, तुझीच
नेटी