कटरचा स्लो लागला

१० नोव्हेंबर

आले एकदाची कोल्हापुरात! मुरगूडहून एसटीत आई, मी, दोन ट्रंका आणि लोणच्याची बरणी. बरणी आईनं मांडीवरून खाली ठेवली नाही. शाहूपुरीत जयपालअण्णांचं वर्कशॉप आहे, तिथं मेकॅनिक म्हणून लागलेय. फवारणी पंप, गवत कापायची मशीन, लाकूड तोडायचे पेट्रोल कटर, सगळं येतं. वरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघी. मामा म्हणाला होता, पोरीच्या हातात पाना-पक्कड शोभत नाही. त्याची मोटरसायकल कोण दुरुस्त करतं हे तो सोयीस्कर विसरतो.

अण्णांनी पहिल्याच दिवशी इथली रीत सांगितली. दुपारी शटर अर्धं खाली येतं, सगळे आडवे होतात. तेव्हा दुरुस्त झालेलं मशीन मागच्या अंगणात स्लोला लावून ठेवायचं. रेस सोडल्यावर मशीन जागच्या जागी बारीक गुरगुरत राहतं, तो स्लो. टाकी संपेपर्यंत अडखळलं नाही, तरच ते गिऱ्हाइकाच्या हाती. मला ही रीत फार आवडली.

१२ नोव्हेंबर

फळीवर एक जुना कटर धूळ खात पडलाय. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, “मलकापूरच्या पिराजीचा हाय त्यो. स्लोला थांबत न्हाय. पार्टसाठी ठेवलाय, त्याच्या नादाला लागू नगंस.” नादाला लागू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला सुरू, भरल्या रेसला झकास, आणि रेस सोडली की गप्प.

अण्णा उद्या लग्नाला सांगलीला जाणार आहेत. बघतेच.

१४ नोव्हेंबर

एअर फिल्टर धुतला, प्लग घासला, टाकीतला फिल्टर नवा टाकला, पेट्रोलची चिरलेली नळी बदलली. कार्बोरेटर उघडून पडदा नवा बसवला. तरी बंद. स्क्रू पिळून स्लो वाढवला तर कापायची चेन आपोआप फिरायला लागते. तेही चालत नाही, स्लोला चेन उभीच राहिली पाहिजे. म्हणजे कुठून तरी जादा हवा ओढतोय. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर वाकवून पाहिलं, तर आतल्या बाजूला चीर! एवढी सरळ चीर रबराला आपोआप पडत नाही, पण तेव्हा मला आनंदच इतका झाला की त्याचा विचार केला नाही.

१५ नोव्हेंबर

नवं रबर बसवलं आणि दुपारी रीतीप्रमाणे कटर अंगणात स्लोला लावला. वर पत्रा तापतो म्हणून आईनं तिथंच सावलीत चटई टाकली होती. एवढ्या आवाजात तिला झोप लागली, आणि ती लागली तसा कटरचा स्लोही एकसारखा झाला. काय तो आवाज! टाकी संपेपर्यंत एकदाही अडखळला नाही. अण्णांना कधी दाखवते असं झालंय.

१६ नोव्हेंबर

आईला सकाळपासून दम लागतोय. जिना चढताना दोनदा बसली. हवापालट असेल.

कटर पुन्हा लावला. स्लो किंचित वर जातो, खाली येतो. कारण शोधत होते, तोच वर आई खोकली आणि खाली कटर खोकला. मला हसू आलं. मग वर जाऊन तिच्या छातीवर हात ठेवून ऐकलं. ती श्वास घेते तेव्हा आवाज चढतो, सोडते तेव्हा उतरतो.

खाली जाऊन कटर बंद केला आणि वर पळाले. आईला धाप लागली, ओठ पांढरे पडले, मग हळूहळू सावरली. योगायोग असणार. असावा.

१७ नोव्हेंबर

मी मूर्ख आहे. खात्री करायला पुन्हा चालू केला आणि स्लोचा स्क्रू जरासा फिरवला. जिना नको म्हणून आई आज खाली चटईवरच होती; मागे काहीतरी पडलं. आई जमिनीवर, डोळे मोठे, घशातून हवा ओढतेय. झटकन स्क्रू होता तिथं आणला, तशी शांत झाली. मग भीतीनं कटर बंदच करून टाकला.

आईचा श्वास थांबला. धाप नाही, काही नाही, थांबलाच. दोरी ओढली, पुन्हा ओढली. चालू झाला तेव्हा तिनं श्वास घेतला.

आता तो बंद करायचा नाही.

१८ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. ऑक्सिजन ठीक, नाडी ठीक, हा धूर आणि आवाज बाधतोय, बाईंना इथून हलवा म्हणाले. रिक्षात घातलं. कोपऱ्यापर्यंत गेलो नाही तोच आईचे डोळे फिरले. परत आणलं. अंगणात कटरही मरायला टेकला होता, आई जवळ आली तसा सावरला. ती चटईवर पडून असते. फक्त बोटं हलतात. बोलायला गेली की श्वास तुटतो आणि कटर गचका मारतो, म्हणून मीच तिच्या ओठांवर हात ठेवते.

टाकी लहान, तासाभरात कोरडी होते. मशीन चालू असताना पेट्रोल ओतू नये हे मुरगूडला मी शिकाऊ पोरांना शिकवलंय. आता आडवा करून, नरसाळं लावून, तापलेल्या सायलेन्सरशेजारी ओतते. झोप नाही.

संध्याकाळी अण्णा आले. आवाज ऐकून दारातच थांबले आणि स्टुलावर बसले. म्हणाले, “पोरी, ते रबर मीच ब्लेडनं कापलंतं. त्यो स्लोला लागूच नये म्हणून.” पिराजी गेल्यावर त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, कटर विकला तेव्हा एवढंच सांगितलं होतं की स्लोला ठेवू नका. का, ते अण्णांनी विचारलं नाही. मला आधी का नाही सांगितलं म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. ते रडले. मग मला त्यांच्यावर रागावताही येईना.

१९ नोव्हेंबर, सकाळ

बनाबाईचा फोन लागत नाही. अण्णा पहाटेच मलकापूरला गेलेत, यातून सुटायचं कसं ते विचारायला.

इतका वेळ स्लोला चाललेल्या मशीनच्या प्लगवर काजळी धरते. काजळी धरली की ठिणगी पडत नाही. प्लग बदलायला मशीन बंद करावं लागतं. मला हे सगळं येतं आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. मधूनच मिसिंग मारतोय, एखादा ठोका गाळतोय. प्रत्येक वेळी आईकडे बघते.

१९, दुपार

डोळा लागला. कटरच्या मुठीवर डोकं ठेवून. किती वेळ कोण जाणे—

आई उठून बसलीय! चहा केला तिनं! गाल लाल, श्वास मोकळा. आई, माझी आई. देवा, तुझे उपकार.

टाकी भरलेली. कोणी भरली? मीच असेन.

उठता येत नाही. थकले असेन.

१९, नंतर

आवाज चढतो तेव्हा माझी छाती—

मी श्वास धरून पाहिला. कटर बुडायला लागला. सोडला.

माझा आहे. आता त्यात माझा श्वास आहे.

नंतर

अण्णांचा फोन. आईनं माझ्या कानाला धरला. अण्णा ओरडून सांगत होते— बनाबाई धडधाकट आहे. आधी तिलाच धरलं होतं. मग पिराजीला कटरशेजारी झोप लागली, ती बरी झाली आणि तो आडवा. मुका. तिला वाटलं आवाजानं आजारी पडलाय. तिनंच बंद केला आणि तो गेला.

“वर्षाराणी, बंद करू नगंस! आयकतीस न्हवं? तुजी आई कशी हाय?”

बोलायला गेले. कटरनं गचका मारला. अण्णांना काही ऐकू गेलं नाही. फोन तुटला. घाटात रेंज नाही.

अण्णांना मेसेज लिहिला. आईला सांगा. एकच टिक.

आई डोकं चेपतेय. म्हणते, “किती वाळलीस गं. ह्या धुरानं मला बी असंच झालंतं.” बोटं हलवली. तिला वाटलं चहा नको म्हणतेय.

इथंच मोठ्या अक्षरात लिहिलं. बंद करू नको. वही तिच्याकडे सरकवली.

तिला वाचता येत नाही.

हसली. गालावरून हात फिरवला. “उठल्यावर लिही. आवाज बंद करतो बघ मी, जरा नीज.”

उठली. पदर खोचला. कटरकडे— लाल बटण तिला माहीत आहे, मीच दाखव—

आई नको आई न