पत्रावळीवरचा आडवा हात

बाई, तुम्ही मला विसरला असाल, त्याचं मला काही वाटत नाही. जी मिशनची बाई आम्हाला जगाचं मीठ व्हा म्हणून शिकवायची आणि स्वतःच्या आमटीत मीठ टाकायला विसरायची, तिने इतक्या वर्षांनी वलवणची एक अडाणी बाई ध्यानात ठेवावी म्हणणं म्हणजे जुलूमच. ओळख सांगते. धरणाच्या कामावर दगड वाहणाऱ्या गड्याची बायको, तुमच्या मंगळवारच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी झटकणारी, आणि तुमची पाठ वळली की आमटीत हळूच मीठ टाकणारी. आता आठवलं? नात लिहून घेते आहे. मघाशी म्हणाली, "आजी, गेलेल्या माणसाला पत्र कुठं टाकायचं?" म्हटलं, "तू लिही गं, टपालाचं मी बघते."

तुम्ही माझ्यासाठीही पाटी आणली होती, लाकडी चौकटीची. "मला कशाला, बाई? ऐकलं की पाठ होतंय मला," असं म्हणून मी ती शेजारणीच्या पोरीला देऊन टाकली. द्यायला मला फार आवडायचं. भाताला तांदूळ घेतले की आधी एक मूठ चर्चच्या मडक्यात पडायची. प्रार्थनेत तुम्ही एकेकीला विचारायचा, तुझ्यासाठी काय मागायचं? कुणी म्हणायची नवऱ्याची दारू सुटू दे, कुणी म्हणायची सासूची जीभ आवरू दे. माझी पाळी आली की मी बाकीच्यांचीच गाऱ्हाणी पुन्हा मांडायचे. "आणि तुझं गं?" "माझं बरं हाय, बाई." डोंगरावर बसून प्रभूने दीनांना धन्य म्हटलं, ते मला घडाघडा येत होतं. फक्त दीन म्हणजे शेजारीण, असं मी धरून चालले होते.

मग एका आषाढात माझी तान्ही पोर गेली. तुम्ही लोणावळ्याहून चिखल तुडवत आलात, पदराखाली आंबिलीचं भांडं झाकून. मी दारातच उभी राहिले. "आमच्यात हाय समदं, बाई." मागे चूल पेटलेली नव्हती, ते तुम्हाला दिसत होतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर जरा वेळ बसलात आणि भांडं तसंच घेऊन परत गेलात. तुमची ओली पावलं ओसरीवर राहिली, ती मी लगेच पुसून काढली.

त्याच साली चर्चात कापणीचा सण आला. पोरीच्या दुःखातही वाढायला मी सगळ्यांच्या पुढे. तुम्ही माझ्या हातातून पातेलं काढून घेतलंत. "आज तू बस." बसले. तुम्ही भात वाढायला वाकता आणि माझा हात आपसूक पत्रावळीवर आडवा जातो. पुरे म्हणायला जावा तसा. आणि पानात अजून शीतसुद्धा पडलेलं नाही. तुम्ही तशाच वाकून उभ्या. पंगत बघते आहे. तुम्ही मला एकटीला ऐकू जाईल इतकं हळू म्हणता, "पोरी, जेवून आलेल्याला देव तरी काय वाढणार?" असा राग आला म्हणता! "भूक न्हाई," म्हणून मी उठले. पुढच्या कापणीच्या आत तुम्ही गेलात. तुमच्या मातीला आलेल्या सगळ्यांसाठी चहा मीच केला. स्वतःला रडायला सवड ठेवली नाही.

आता माझे पाय गेलेत. यंदा तांदूळ रेशनचा, तरी सणाची पंगत बसली. मला उचलून त्यात बसवलं. सून वाढायला आली, तर हात गेलाच आडवा. मी त्या हाताकडे बघत राहिले. सुरकुतलाय, पण मोडला नाही. म्हटलं, देवापुढंही हा असाच आहे की. जन्मभर त्याच्या दारात बसले आणि त्याला काही वाढूच दिलं नाही. भरली घागर उचलावी तसा तो हात मी पानावरून उचलला. सून म्हणाली, "आत्याबाई, आज काय झालं?" म्हटलं, "वाढ गं, गप."

पुढच्या मंगळवारी प्रार्थनेत माझी पाळी आली. म्हटलं, "माझ्यासाठी मागा. पोर गेली तवापासनं मी आतनं रिकामी हाय." पाळकांची बायको घाबरून चहा टाकायला पळाली, तिला वाटलं मला घेरी आली. शेजारी बसलेल्या बाईने मात्र डोक्यावर हात ठेवला, आणि मी ठेवू दिला. पोट भरलं असं नाही म्हणणार. भूक लागली, एवढंच. पण बाई, फार निवांत वाटलं.

नात पत्ता विचारते आहे. म्हटलं, कागद माझ्या उशाखाली ठेव. आता शेवटचं. तिकडून काही धाडायची सोय असेल तर ती आंबील धाडा. नाचणीची, ताकातली, त्याच भांड्यातून. त्या दिवशी मला लय भूक लागली होती. मीठ विसरलात तर विसरलात, तशीच धाडा.